गाडीत माणसं बोलती व्हावीत म्हणून ॲप करताना

प्रश्न बडोद्यातल्याच चार विद्यार्थ्यांचा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांना असं मोबाइल ॲप करायचंय, की रेल्वेने जाणारी माणसं एकमेकांशी बोलायला लागतील. त्यांच्या आराखड्यात मुख्य गोष्टी तीन आहेत: प्रत्येक प्रवाशाचं फोटोसकट प्रोफाइल, आवडीनिवडी जुळवून सुचवलेले सहप्रवासी आणि डब्याडब्याची चॅटरूम. यातलं काय ठेवावं, काय काढावं आणि सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलंय.

आधी थेट उत्तर देतो. तिन्ही काढा. हेतू मात्र सोडू नका, तो फार चांगला आहे. मी बावीस वर्षं मोबाइल आणि संगणकाच्या स्क्रीनचं डिझाइन करतोय, त्यातली सहा वर्षं प्रवासाच्या ॲपवर गेली. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, गाडीत माणूस बोलायला लागतो तो आवड जुळली म्हणून नव्हे. त्याचं काहीतरी छोटं काम अडलेलं असतं आणि ते शेजाऱ्याच्या हातात असतं, म्हणून तो तोंड उघडतो.

माणसांना बोलायचंच नसतं, हा समज आधी बाजूला ठेवा. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या लोकल गाड्यांत केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला आणि काहींना रोजच्यासारखा प्रवास करायला. बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात सुखाचा झाला. पण नुसता अंदाज विचारला तेव्हा लोकांनी उलट सांगितलं होतं: एकटं बसणंच बरं वाटेल. म्हणजे बोलण्याची गोडी आहे, अडतंय ते पहिल्या वाक्यापाशी. समोरच्याला आवडणार नाही असं दोघांनाही वाटत राहतं आणि दोघंही खिडकीबाहेर बघत बसतात.

आपल्या गाड्यांत ते पहिलं वाक्य आयतं मिळायचं. "कुठलं स्टेशन गेलं?" "गाडी किती लेट आहे?" "इथे चहा मिळेल का?" "जरा पेपर देता?" मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो. सुट्टीत पुण्याला आजोळी जाताना आईच्या पिशवीत लीलो चिवडा आणि दशम्या असायच्या. भरूचला नर्मदेचा पूल येईपर्यंत आई समोरच्या बाकावरच्या बाईंशी नुसती वेळ विचारण्यापुरती बोललेली असे. पुलावर नाणं टाकायला सुटे पैसे मागितले, की तिथून पुढे दोघींच्या मुलांची शाळा, सासरची माणसं, गुडघेदुखी, सगळं निघायचं. नाण्याचं निमित्त नसतं तर त्या दोघी सुरतेपर्यंत गप्पच राहिल्या असत्या.

आता ही सगळी उत्तरं फोन देतो. गाडी कुठे आहे ते 'व्हेअर इज माय ट्रेन' सांगतं, तेही इंटरनेट नसताना, मोबाइलच्या टॉवरवरून. जेवण ॲपवरून मागवता येतं. बर्थचं स्टेटस एसएमएसने येतं. यातली एकेक सोय लोकांच्या खऱ्या गरजेची होती आणि त्यातल्या काहींवर मी स्वतः काम केलंय. पण प्रत्येक सोयीबरोबर शेजाऱ्याला विचारायचं एक कारण कमी झालं. तुमचं ॲप हाती घ्यावंसं मला वाटतं ते याचसाठी. आमच्या व्यवसायाने जी विचारणा काढून घेतली, त्यातली थोडी परत आणता येईल.

डब्याच्या दाराशेजारी चिकटवलेला रिझर्व्हेशन चार्ट तुमच्यापैकी कोणाला आठवतो का? नाव, वय, स्त्री की पुरुष आणि बर्थ, एवढं सगळं छापलेलं असायचं. वडील आमची नावं शोधायचे आणि लगेच आजूबाजूचीही वाचायचे. कोण म्हातारं आहे, कोणाबरोबर लहान मूल आहे, बर्थ कोणाशी बदलता येईल, ते गाडीत चढण्याआधीच ठरलेलं असायचं. मोठ्या स्टेशनांवर डब्याला चार्ट चिकटवणं रेल्वेने २०१८ मध्ये थांबवलं. कागदाची बचत झाली, आणि कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला एकट्या बाईचं नाव आणि जागा वाचता येत होती तेही थांबलं, ते उत्तमच झालं. तुमचं ॲप म्हणजे त्या चार्टचा उपयोग परत आणायचा आणि त्याचा धोका आणायचा नाही. हे वाक्य तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा.

आता काम कोणतं निवडायचं? माझ्या मते एकच, बर्थची अदलाबदल. बाकी सगळं नंतर. स्लीपर आणि थ्री टियरमध्ये गाडी सुटायच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासात हीच सगळ्यात मोठी गरज असते, आणि आजही ती डब्यात फिरून, "भाऊ, तुमचा खालचा आहे का?" असं विचारूनच भागते. ज्यांची जीभ सैल आहे त्यांचं काम होतं. एकटी आजी, लाजाळू मुलगा, लहान मुलाला कडेवर घेतलेली बाई मात्र मिळाली ती जागा घेऊन बसतात.

याचं गणित सोपं आहे. एका खणात आठ बर्थ. नंबराला आठने भागा: बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ तर साइड लोअर आणि बाकी शून्य तर साइड अप्पर. म्हणजे ३० नंबर चौथ्या खणातला वरचा, २८ त्याच खणातला खालचा. जुन्या आयसीएफ स्लीपर डब्यात असे नऊ खण म्हणजे ७२ बर्थ असतात, नव्या एलएचबीमध्ये दहा खण म्हणजे ८०. प्रवाशाने फक्त डबा आणि नंबर टाकला की तो कुठे आहे आणि कोणाशी अदलाबदल सोयीची, हे फोनवरच काढता येतं, त्यासाठी सर्व्हरला विचारायची गरज नाही. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो भरला की संगणक मधला किंवा वरचाही देतो. तिथून पुढचं काम माणसांचं.

मधल्या बर्थचा नियमही समजून घ्या: रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ तो उघडून झोपता येतं. संध्याकाळी सातला निघालेल्या गाडीत खालच्या बाकावर तिघं तीन तास एकत्र बसतात. बोलणं व्हायचं ते याच तीन तासांत होतं, म्हणून दहानंतर तुमच्या ॲपने एकही आवाज करू नये. आणि बर्थ बदलल्यावर दोघांनी मिळून टीसीला सांगायचं, हेही स्क्रीनवर ठळक लिहा. टीसीला न सांगता केलेली अदलाबदल मध्यरात्री नवा प्रवासी चढला की भांडणात जाते.

चॅटरूमला माझा एवढा विरोध का, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी आम्ही असंच ॲप केलं होतं. बर्थ नंबर टाकला की त्या प्रवाशाला निरोप पाठवता यायचा. नंबर दिसायला हवेत असा आग्रह माझाच होता. त्याशिवाय माणूस सापडणार कसा, असं मला वाटायचं. चाचणीच्या दुसऱ्याच आठवड्यात साइड अप्परवर एकट्या असलेल्या एका मुलीला एका रात्रीत त्याच डब्यातून अकरा निरोप आले. भाषा वरवर सभ्य होती. पण आपण कुठे झोपलोय हे पाठवणाऱ्याला ठाऊक आहे आणि डब्यातल्या सत्तरेक माणसांतला तो कोण हे आपल्याला ठाऊक नाही, या विचाराने ती रात्रभर जागी बसून होती. सकाळी तिने आम्हाला फोन केला. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ते ॲप आम्ही बंद केलं. त्यानंतर मी एक नियम पाळत आलोय, तो तुम्हीही पाळावा: बंद डब्यात, जिथून उठून जाता येत नाही तिथे, अनोळखी माणसाच्या हातात मोकळा मजकूर लिहायची सोय द्यायची नाही.

मग विनंती कशी जाईल? ठरलेल्या वाक्यांतून. "खालचा बर्थ हवा आहे." "आमच्या जागा लांब आहेत, एकत्र बसायचंय." "सामान वर ठेवायला हात हवा." अशी पाच-सहा वाक्यं पुरतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज उरत नाही, कारण वाक्य आधीच लिहिलेलं असतं आणि मागणाऱ्याला फक्त बोट ठेवायचं असतं. वाक्यं निवडतानाही जपून. मी एकदा यादीत "आजी एकट्या आहेत, उतरताना कोणी मदत कराल का?" असं लिहिलं होतं. माझ्या एका सहकारी बाईंनी ते तिथल्या तिथे खोडलं. डब्यात म्हातारी बाई एकटी आहे हे सगळ्यांना कळवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. "माझ्या बॅगेकडे बघाल का?" हेही त्याच कारणासाठी गेलं. खाण्याचं तर नावच काढू नका. अनोळखी माणसाकडून खायला घेऊ नका असं रेल्वे वर्षानुवर्षं सांगत आली आहे, त्याला कारणं आहेत. समोरासमोर बसून ओळख झाली की माणसं आपापल्या अंदाजाने डबा पुढे करतील किंवा करणार नाहीत. तो निर्णय त्यांचा.

आता यातली मेख. विनंती गेली आणि कोणीतरी "मी देतो" म्हणालं, तर कोणाचा बर्थ नंबर कोणाला दिसायचा? दोघांचा दोघांना, असं तुमच्या मनात येईल. तसं करू नका. देणाऱ्याचा नंबर मागणाऱ्याला दिसू दे, मागणाऱ्याचा देणाऱ्याला नको. देणाऱ्याला फक्त "याच डब्यात, वरचा बर्थ" एवढं कळलं की हो-नाही ठरवायला पुरतं. मागणारी बाई असेल तर ती दोन खण पुढे चालत जाईल, लांबून माणूस बघेल, बरं वाटलं तर बोलेल, नाही वाटलं तर परत येईल. तिथून पुढे ॲपचं काम संपलं. स्क्रीनवर एकच ओळ: "२८ नंबरपाशी जाऊन विचारा." उरलेलं बोलणं तोंडाने होऊ दे, तुम्हाला हवं होतं ते हेच.

नावाबद्दलही माझं मत ठाम आहे. आडनाव कुठेही नको. गाडीत "तुम्ही कुठले?" नंतरचा प्रश्न "आडनाव काय?" हाच असतो, आणि तो नेहमी निरागस नसतो. आडनावावरून जात काढून मग जागा द्यायची की नाही हे ठरवायची संधी तुमच्या ॲपने कोणालाही देऊ नये. फोटोही त्याच कारणासाठी नको. भाषा दाखवायची का, यावर मी बराच घोळलोय. बडोद्याच्या मराठी माणसाला पुण्याच्या गाडीत शेजारी मराठी ऐकू आलं की आनंद होतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पण घरी मराठी, बाजारात गुजराती आणि गाडीत हिंदी बोलणारी आपण माणसं, एका खुणेत कशी बसणार? शिवाय भाषेची खूण लावली की "आपल्यातल्यांनाच" जागा देणं सुरू होईल. म्हणून ॲपची भाषा ज्याची त्याने निवडावी, ठरलेली वाक्यं प्रत्येकाला आपापल्या भाषेत दिसावीत, आणि समोरच्याची भाषा भेटल्यावर कळावी.

आवडीनिवडी जुळवण्याची कल्पना कुठेच झाली नाही असं नाही. केएलएम या विमान कंपनीने २०१२ मध्ये 'मीट अँड सीट' काढलं होतं: फेसबुक किंवा लिंक्डइनवरचं प्रोफाइल जोडायचं आणि शेजारी कोण हवं ते बघून सीट निवडायची. तिथे जागा देणारी कंपनी स्वतःच होती आणि प्रवासी आपण होऊन प्रोफाइल जोडत होता. तुमच्याकडे जागा द्यायचा अधिकार नाही. बर्थ रेल्वेचा संगणक देतो, तुमच्या हातात उरते ती नंतरची तडजोड.

तिकिटावरचा पीएनआर मागायचा का? खरा प्रवासी ओळखायला तो सोपा मार्ग वाटतो, पण तो दहा आकडी नंबर ज्याच्याकडे आहे त्याला त्या तिकिटावरच्या सगळ्यांचं स्टेटस बघता येतं. म्हणून तो साठवू नका, शक्य असेल तर मागूच नका. खोटा बर्थ नंबर टाकणारे काही निघतील, पण मोकळा मजकूर नाही आणि मागणाऱ्याची जागा दिसत नाही म्हटल्यावर त्यांना त्यातून मिळणार तरी काय? गाडी शेवटच्या स्टेशनला पोचली की त्या प्रवासाची सगळी नोंद पुसून टाका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, त्यामुळे मुलांची खाती उघडायच्या भानगडीत पडू नका. मुलाची विनंती आईच्या फोनवरून जाईल. आणि प्रत्येक स्क्रीनवर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक एका बोटाच्या अंतरावर असू दे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ब्लूटूथने फोनाफोनांत जाळं विणायचं तुमच्या आराखड्यात आहे. मोह मला समजतो, पण सोडा. एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब, त्यात माणसं खच्चून भरलेली, आणि माणसाचं शरीर ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. आयफोनवर ॲप मागे गेलं की ब्लूटूथवर बंधनं येतात, अँड्रॉइडवर परवानग्या मागाव्या लागतात आणि लोक त्या नाकारतात. त्यापेक्षा गरज केव्हाची आहे ते बघा. अदलाबदलीची निकड गाडी फलाटावर असताना आणि सुटल्यावर थोडा वेळ असते, आणि स्टेशनवर नेटवर्क बरं असतं. वाटेत तुटलं तर विनंती फोनमध्येच थांबेल आणि नेटवर्क आलं की जाईल. विनंती काही किलोबाइटचीसुद्धा नसते.

अहमदाबादला रोज अपडाउन करणाऱ्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. तो वेगळा विषय आहे, त्याला या ॲपमध्ये घुसडू नका. बडोदा ते अहमदाबाद शंभरेक किलोमीटर. वासद, आणंद, नडियाद, मणिनगर अशी चढती-उतरती माणसं, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी, रुमाल टाकून धरलेली जागा. तिघांच्या बाकावर "थोडुं खसो ने", म्हणजे जरा सरका ना, म्हणत चौथा बसतो, आणि वर्षभरात तोच चौथा मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून देतो. त्यांचे गट आधीच आहेत, व्हॉट्सॲपवरही आहेत. स्टॅनली मिलग्रॅमने १९७२ मध्ये 'ओळखीचे अनोळखी' म्हणून ज्यांच्यावर लिहिलं, ती माणसं या गटांच्या कडेला असतात: रोज चेहरा दिसतो, पण वर्षानुवर्षं एक शब्द होत नाही. या लोकांसाठी काही करता येईल असं मला नेहमी वाटतं. नोकरी लागून पास काढलेल्या नव्या मुलीला कुठल्या डब्यात बायकांचा गट असतो हे कळलं, तरी पहिला महिना सोपा जाईल. पण ते काम त्या गटांत बसून, त्यांच्याबरोबर दोन-तीन महिने प्रवास करूनच करता येईल.

शेवटची आणि सगळ्यात मोठी अडचण: ॲप एकट्यानेच उघडलं तर उपयोग शून्य. डब्यात निदान आठ-दहा जणांकडे ते असेल तरच अदलाबदल जुळेल. म्हणून देशभर, सगळ्या गाड्या, असलं काही मनात आणू नका. एक गाडी, एक स्लीपर डबा. आणि कोड लिहायच्या आधी कागद. दहा खणांचा, खणात आठ चौकोनांचा नकाशा छापा. संध्याकाळी बडोद्याहून मुंबईकडे जाणारी एक गाडी निवडा, टीसीला आधी भेटून काय करताय ते सांगा, आणि तुमच्यातल्या दोघांनी तिकीट काढून त्याच डब्यातून प्रवास करा. विचारत जा: "जागा बदलायची आहे का? कोणाला द्यायची आहे का?" कोण कोणाशी जुळतं ते कागदावर मांडा आणि मागणाऱ्याला सांगा, "अमुक नंबरपाशी जाऊन विचारा." तिथून मागे फिरा. मध्ये उभं राहू नका. सुरतेच्या आसपास परत एक फेरी मारा आणि ज्यांनी जागा बदलल्या ते अजून बोलतायत का, एवढंच बघा. असे दहा प्रवास करा, पण दिवाळीत आणि मे महिन्यात नको. त्या गर्दीत सगळेच एकमेकांशी बोलतात आणि तुमचा आकडा फुगतो.

मोजमापही तेच ठेवा. ॲप किती वेळ उघडं राहिलं, हा आकडा आमच्या धंद्यात यशाचा मानतात. तुमच्याकडे तो दोन मिनिटांच्या वर गेला तर काहीतरी चुकलंय असं समजा. उतरल्यावर एकच प्रश्न विचारा: "आज शेजारच्यांशी बोलणं झालं का?" हो किंवा नाही.

आणि त्या दहा प्रवासांत आरएसीवाल्यांकडे, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळता अर्धी जागा मिळालेल्यांकडे, मुद्दाम लक्ष द्या. साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं, एकच बाक, रात्रभर पाय कुठे पसरायचे हा प्रश्न. डब्यात एकमेकांची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते आणि त्यांच्यासाठी कोणी ॲप केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते सुरुवातीला काय बोलतात, कोण आधी बोलतं, सगळं वहीत टिपून आणा. त्या नोंदी बघायला मी दांडिया बाजारात कधीही भेटेन.